लोकांचं पाणी

“आज कोनी ‘चालते’ म्हनायचं नाई,” वहिनीनं आम्हा सगळ्यांना दम भरला. “पाव्हन्यासमोर पान्याले ‘चालते’ म्हटलं का समजा सोयरीक गेली.”

“मंग काय म्हनू?” मायनं विचारलं.

“गोडं म्हना. नाई तर काईच नोका म्हनू. आपल्या घरी पानी गोडंच राह्यते, असं तोंड करून बसा.”

माय तेव्हापासूनच तसं तोंड करून बसायचा सराव करू लागली. तिची दाढ दुखतेय की काय, असं वाटून बाबांनी तिला लवंग आणून दिली.

आमचं खिरोळा खारपाणपट्ट्यातलं. परक्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, पण ज्यांना ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात तेव्हा पाण्याला तीन शब्द होते. घरामागच्या विहिरीचं ते खारं. ते भांड्यांना, कपड्यांना, आंघोळीला. बैलसुद्धा ते पिताना आमच्याकडं रागानं बघायचे. मारुतीच्या विहिरीचं ते चालतं. ते आम्ही प्यायचो. त्यात डाळ शिजता शिजायची नाही, चहा फाटायचा, पण चालायचं. आणि तिसरं ते लोकांचं. लोकांचं म्हणजे गोडं. ते आमच्या गावात नव्हतंच. लग्नकार्य असलं, घरात कोणी आजारी असलं, तर बैलगाडीत पिंप ठेवून ते पिंपळझरीहून आणायचं. अधूनमधून सरकारी माणसं येऊन मारुतीच्या विहिरीचं पाणी बाटलीत भरून न्यायची आणि ते ‘पिण्यास अयोग्य’ असल्याचं कळवायची. हा चौथा शब्द आम्ही चहा पीत पीत वाचायचो.

अशा गावाला कोण पोरगी देणार? मी तिशी ओलांडली होती. तालुक्याच्या गावी माझं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. अर्ध्या तालुक्याच्या विहिरींवरचे पंप माझ्या हातानं सुरू झालेले. सुपारीचंही व्यसन नाही. पण ‘मुलगा खिरोळ्याचा’ म्हटलं की पोरींचे बाप चहाचा कप खाली ठेवायचे. एकानं तर मला माझ्याच दुकानात येऊन, पंप दुरुस्त करून घेऊन, मग नकार दिला.

त्यात धामणदऱ्याच्या उत्तमराव म्हैसन्यांची प्रमिला सांगून आली. धामणदरा सातपुड्याच्या पायथ्याला. तिकडं संत्र्याच्या बागा आणि विहिरी काठोकाठ. आम्ही पोरगी पाहायला गेलो तेव्हा उत्तमरावांनी बाबांना पोरीआधी पाण्याची ओळख करून दिली.

“हे हलकं पानी हाय. पाचक. यवढं जेवा, यवढा एक गिलास प्या, पोट कुठी हाय ते सापडत नाई. पान्यात जात राह्यते, वासुदेवराव. जड पानी राह्यते, वातूळ राह्यते, मुकं राह्यते. आमचं बोलकं हाय.”

बोलकं पाणी मी कधी प्यालो नव्हतो. प्रमिला ट्रे घेऊन आली. मी गिलास उचलला, ओठाला लावला, आणि इथं आपण कशाला आलोय ते साफ विसरलो. गिलास संपला तरी मी तो उलटा धरून शेवटचा थेंब जिभेवर पडायची वाट पाहत होतो. मग तोंडातून निघून गेलं, “आखीन मिळन का?”

सगळे हसले. बाबांनी कपाळाला हात लावला. प्रमिला हसली नाही. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. मी पोरगी पाहिली ती तेव्हा, ती माझ्या गिलासात पाणी ओतत असताना. सावळी, उंच, मनगटावर पाणी शेंदून घट्ट झालेल्या शिरा. तिनं गिलास काठापर्यंत भरला आणि मी तो पिऊन होईपर्यंत तांब्या हातात धरून तिथंच उभी राहिली. मला ती फार आवडली. आता हिच्याशी लग्न झालं नाही तर मी पंपांच्या दुकानातच म्हातारा होणार, हेही त्याच घोटाला समजलं.

उत्तमरावांनी स्वतःच्या गिलासातलं अर्धं पाणी पिऊन उरलेलं अंगणात फेकलं आणि अट सांगितली.

“पोरगी द्याले ना नाई. पन पानी पाहून देईन. आमची यमुनाबाई येईन माह्यासंगं. बाईची जीभ म्हनजे तराजूचा काटा हाय. ते ‘गोडं’ म्हनन तर सोयरीक पक्की, नाई तर राम राम.”

यमुनाबाई म्हणजे उत्तमरावांची थोरली बहीण, प्रमिलाची आत्या. ती ऐन उमेदीत खारपाणपट्ट्यात दिलेली. नवरा लवकर गेला तशी माहेरी परत आली, आणि प्रमिलाची आई वारल्यावर पोरीला तिनंच वाढवलं. ती कोपऱ्यात बसून आमच्याकडं नुसती बघत होती. मला तिचीच जास्त भीती वाटली.

तर आज ती दोघं येणार होती. दादा पहाटेच पिंपळझरीहून लोकांचं पाणी घेऊन आला होता. वहिनीनं ते गाळून नव्या माठात भरलं, वाळा टाकला. वरण त्याच पाण्यात, चहा त्याच पाण्यात, एवढंच काय, वहिनीनं कणीकसुद्धा त्याच पाण्यात मळली. मारुतीच्या विहिरीचा माठ गोठ्यात लपवला. वहिनी आमच्यासारखीच खारपाणपट्ट्यातली. असल्या बाबतीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कुठं म्हणून चूक राहिली नाही, अशी आमची खात्री होती.

जीप आली. मी बादली आणि लोटा घेऊन अंगणात उभा राहिलो. पाव्हण्यांचे पाय धुवायला पाणी घालायचं काम नवऱ्या मुलाचं, असं बाबांनी ठरवलं होतं, म्हणजे मुलगा नम्र दिसतो.

आधी आत्या पुढं आल्या. मी पायांवर पाणी घातलं, हातांवर घातलं. त्यांनी ओंजळ पुढं केली, मी ओंजळीत घातलं. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि चूळ भरली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. बादलीत घरामागच्या विहिरीचं पाणी होतं.

आमच्या घरातल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं, आणि येणारही नव्हतं. खिरोळ्यात वापराचं पाणी कोणी तोंडात घ्यायचं नाही. चूळ भरायला आम्ही चालत्या पाण्याची वेगळी वाटी घ्यायचो. लहान पोरसुद्धा न सांगता घ्यायचं. पण गोड्या पाण्याच्या गावात पाणी एकच असतं. त्यानंच पाय धुवायचे, त्यानंच चूळ भरायची, तेच प्यायचं. हे आम्हाला कसं सुचणार?

आत्यांचे गाल फुगलेले होते. त्या माझ्याकडं बघत होत्या आणि मी लोट्याकडं. आता त्या थुंकणार, जीपकडं वळणार आणि माझा जन्म वायंडिंगच्या तारेत गुंडाळला जाणार, हे मला दिसत होतं. पण त्या थुंकल्या नाहीत. त्यांनी पाणी तोंडात इकडून तिकडं फिरवलं, डोळे मिटले, आणि गिळलं.

मागून उत्तमराव ओंजळ पुढं करून आले.

“उत्तम, तू पाय धू फकस्त,” आत्या म्हणाल्या. “चूळ नोको भरू. तुह्या दाढेले थंडं पानी झोंबते.”

“माही दाढ? बाई, ते तं कवाच काढली!”

“मंग त्या जागेले झोंबन. चाल अंदर.”

थोरल्या बहिणीपुढं उत्तमरावांचं चालत नसावं. ते पाय धुऊन आत गेले. मी अंगणातच उभा होतो. यांनी हे काऊन केलं, मला काही कळेना. आमच्यावर दया आली, की घरात सगळ्यांसमोर सांगून आमचं नाक कापायचं होतं? दुसरंच खरं असणार असं वाटून मी बादली लाथेनं लवंडली.

आत बैठकीत वहिनीनं पाणी दिलं. उत्तमरावांनी गिलास उजेडाकडं धरला, हुंगला, एक घोट घेतला आणि टाळूला जीभ लावून टक्क असा आवाज काढला.

“वा! निवळशंख. हलकं. जिभेवर थांबत नाई, सरकन जाते. लोकं उगीच खिरोळ्याले नावं ठेवतात, बावा. आता ते पिंपळझरीचं पानी पाहा. तिथला पोरगा आला होता प्रमिलाले मागाले, नोकरीवाला. मी जाऊन पानी पेलो. जड! एकदम जड! म्हटलं, राम राम.”

वहिनीला ठसका लागला. ती तोंडाला पदर लावून आत पळाली. दादा खांबाकडं तोंड करून उभा राहिला, त्याची पाठ हलत होती. माय मात्र ठरवून दिलेलं तोंड करून बसली होती.

“आमच्या घरी पानी असंच राह्यते,” ती म्हणाली.

उत्तमरावांनी अर्धं पाणी पिऊन उरलेलं खिडकीतून बाहेर फेकलं. पहाटे उठून चार कोसांवरून आणलेलं ते पाणी मातीत जिरताना आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

“आता बाई सांगन,” ते म्हणाले. “बोल बाई. कसं हाय पानी?”

आत्यांच्या हातातला गिलास तसाच भरलेला होता. त्यांनी त्याला तोंडही लावलं नव्हतं. मी दाराशी उभा राहून मनातल्या मनात मारुतीला नारळ बोललो. त्याच्या विहिरीला आम्ही आज गोठ्यात लपवलं होतं, तरी बोललो.

आत्यांनी माझ्याकडं पाहिलं.

“गोडं हाय,” त्या म्हणाल्या.

लग्न झालं. वरात घरी आली, माप ओलांडून झालं, आणि वहिनीनं नव्या सुनेसाठी लोकांच्या पाण्याचा गिलास पुढं केला. चार दिवस ते द्यायचं, मग हळूहळू चालतं मिसळत जायचं, असा तिचा बेत होता.

“हे कुठचं हाय?” प्रमिलानं विचारलं.

“घरचंच,” माय लगबगीनं म्हणाली.

“मले घरचं द्या. मारुतीच्या हिरीचं.”

आम्ही एकमेकांकडं पाहत राहिलो. हिला मारुतीची विहीर कोणी सांगितली? पण नव्या सुनेशी पहिल्याच दिवशी वाद कोण घालणार? वहिनीनं गोठ्यातल्या माठातून एक गिलास आणला. प्रमिलानं डोळे घट्ट मिटले, नाकपुड्या आवळल्या, आणि औषध घ्यावं तसा मोठा घोट घेतला. मग तिनं डोळे उघडले. गिलासात पाहिलं. आणखी एक घोट घेतला.

“हे प्यायचं हाय?”

“हाव,” माय रडकुंडीला येऊन म्हणाली. “चाल... गोडं हाय, माय.”

“गोडंच हाय!” प्रमिला म्हणाली आणि गिलास रिकामा केला. तिच्या तोंडावर एवढा आनंद होता की तो पाहून मला तिच्याविषयी जरा काळजीच वाटली. पोरगी एकतर फार समजूतदार होती, नाहीतर थोडी वेडसर.

धामणदऱ्याची सून आमच्या पाण्याला गोडं म्हणाली, ही बातमी मायनं दिवस मावळायच्या आत गावभर केली. मारुतीच्या विहिरीवर बायका मुद्दाम पाणी पुन्हा चाखून पाहू लागल्या. आणि पुढं कितीतरी वर्षं, उत्तमराव लेकीकडं यायचे म्हटले की दादा पिंपळझरीला गाडी जुंपायचा. आता बादलीतही लोकांचंच पाणी असायचं. सासरे त्यानं ऐटीत पाय धुवायचे, चुळा भरभरून अंगणात टाकायचे, अर्धा गिलास प्यायचे, अर्धा फेकायचे, आणि गावी जाऊन आमच्या पाण्याची तारीफ करायचे. ते जाईपर्यंत त्यांचं मत तेच होतं, की पिंपळझरीपेक्षा खिरोळ्याचं पाणी सरस. प्रमिलानं त्यांना कधी चुकूनही कळू दिलं नाही.

आत्या मात्र आमच्याकडं फारशा आल्या नाहीत. आल्या की गुपचूप मारुतीचं पाणी मागून प्यायच्या. चूळ का गिळली, हे मी त्यांना विचारीन विचारीन म्हणत राहिलो आणि एका पावसाळ्यात त्याही गेल्या.

आता गावात नळ आलाय. लांबच्या धरणाचं पाणी, गोडं, दिवसाआड. मारुतीच्या विहिरीवर जाळी बसवलीय. पोरांची लग्नं जमतात. माय असती तर तिनं लोकांचं पाणी घरात आलेलं पाहून काय तोंड केलं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं. तिची फार आठवण येते.

मागच्या महिन्यात डॉक्टरांनी प्रमिलाला मीठ कमी करायला सांगितलं. रक्तदाब. तेव्हापासून स्वयंपाकघरावर माझा पहारा असतो. लोणचं मी वरच्या फळीवर ठेवलं, पापड शेजारी देऊन टाकले. तर परवा दुपारी जेवण झाल्यावर पाहतो तो काय, बाईसाहेब नळाच्या पाण्याच्या गिलासात चिमूटभर मीठ टाकून बोटानं ढवळतायत.

“हे काय वो?” मी ओरडलो. “पान्यात मीठ? आन डाक्तरनं काय सांगतलं?”

ती दचकली. मग गिलास पदराआड घ्यायचा प्रयत्न केला. मग हसली.

“लोकांचं पानी नुसतं खाली उतरते, बाप्पा. पेल्यासारखं लागतच नाई.”

“धामनदऱ्याची ना तू? लहानपन गोड्या पान्यावर काढलं आन...”

“लगनाआधीपासून पेतो मी मिठाचं,” ती म्हणाली. “आत्यानं शिकवलं.”

मी पाटावर बसलो. तिनं मग सांगितलं, इतक्या वर्षांनी, भाजी निवडता निवडता सांगावं तसं. मी ज्या दिवशी तिला पाहून गेलो त्याच दिवशी तिनं आत्याला सांगून टाकलं होतं, जाईन तर याच घरी जाईन.

“काऊन?” मी विचारलं.

“काऊन म्हनजे? बाबानं जनमभर अर्धा गिलास पेला आन अर्धा फेकला. हिरीतून मीच शेंदत होती ना ते. तुमी थेंबही ठेवला नाई. वरतून आखीन मागतलं.” ती गिलासाकडं बघत होती. “आत्या म्हने, तिथचं पानी तुले ठाव नाई. राह्यशीन का? म्हटलं, राह्यीन. म्हने, मंग राहून दाखव. तिनं माह्या गिलासात मीठ टाकलं. पह्यल्या दिवशी मी ओकली. आत्या म्हने, राहू दे पोरी. मी म्हटलं, आखीन ओत.”

“पन आत्या आमच्या घरी आल्या तवा...”

“ते मुद्दाम चूळ भराले गेली. म्हने, माठातलं पानी कोनीबी आनते. बादलीतलं खरं राह्यते. तिच्या सासरी धुयाले-प्याले एकच पानी होतं ना.”

“आन गिळली काऊन? मी जनमभर समजतो, आमची अब्रू राखाले गिळली.”

“अब्रू कायची! मीठ किती टाका लागते ते समजाले गिळली. घरी आली आन म्हने, पमे, आपून लय कमी टाकून राह्यलो.” प्रमिला हसायला लागली. “लगनापर्यंत तसंच पाजलं तिनं मले. गावात प्याले मारुतीच्या हिरीचं राह्यते, यवढं ते पुसून आली होती. मले वाटे, तुमच्या घरी सारे हेच पेतात. मंग जाऊबाईनं मारुतीच्या हिरीचा गिलास देला... मले वाटलं, हे तं अमृत हाय! मी काई कोनाचं मन राखाले नाई म्हनलं. खरंच गोडं लागलं मले.”

आमच्या घरामागच्या विहिरीचं पाणी. बैल जे पिताना आमच्याकडं रागानं बघायचे ते. ही पोरगी माझ्यासाठी त्याच चवीचं पाणी रोज पीत होती, आणि मी इकडं लोकांचं पाणी माठात भरून, वाळा टाकून, तिच्या बापाला फसवल्याच्या खुशीत होतो.

“आन तुह्या बाबाले काय माहीत होतं?”

“बाबाले पान्यातलं काय समजते?” ती म्हणाली. “द्या इकडे.”

गिलास माझ्या हातात होता. कधी घेतला ते मला कळलं नव्हतं. मी तो तोंडाला लावला. खारट, कोमट, ओळखीचं पाणी. आयुष्यात मी कधी गिलासात थेंब ठेवला नाही. त्या दिवशी बरोबर अर्ध्यावर थांबलो आणि उरलेला अर्धा तिच्यापुढं सरकवला.

“एवढंच मिळन. डाक्तरनं सांगतलं हाय.”

तिनं गिलासाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याली.

“कसं हाय?” मी विचारलं.

“चालते,” प्रमिला म्हणाली.